अभिजात कादंबरीतला वंशभेद आणि वर्गभेद: वाचनगटात कसा तपासायचा

एखाद्या जुन्या कादंबरीत वंशभेद आहे का, वर्गभेद आहे का, हे बघायला बसलेला वाचनगट बहुतेकदा अपमानकारक शब्द शोधत सुटतो. सापडले की लेखकावर ठपका ठेवायचा, नाही सापडले की त्याला निर्दोष सोडायचं. दोन्हीत घाई होते. पूर्वग्रह शब्दांपेक्षा मांडणीत जास्त मुरलेला असतो. कोणाला नाव दिलंय, कोणाला बोलू दिलंय, कोणाचं नाक आधी दिसतं आणि कोणाचा स्वभाव, घरात येणारा पैसा कुठला आणि त्याबद्दल कोणीच का विचारत नाही, या गोष्टी पानावर बोट ठेवून दाखवता येतात. शंभर वर्षांपूर्वीचं पान ज्या खुणांनी तपासता येतं, त्याच खुणा आजच्या बातमीला आणि नोकरीच्या जाहिरातीलाही लावता येतात.

तयारी

गट आठ ते बारा जणांचा असावा. सहापेक्षा कमी असले की दोघंच बोलतात, पंधराच्या वर गेले की अर्धे जण श्रोते होतात. प्रत्येकी दोन तासांच्या चार बैठका ठेवा आणि मध्ये दोन-दोन आठवडे जाऊ द्या. पुस्तक अडीचशे पानांच्या आतलं घ्या. इथे सगळं काम दोनदा वाचण्यावर अवलंबून आहे आणि सातशे पानांची कादंबरी कोणी दोनदा वाचत नाही.

या लेखात नमुन्यादाखल एफ. स्कॉट फिट्झगेराल्डची १९२५ सालची ‘द ग्रेट गॅट्सबी’ घेतली आहे. नऊ प्रकरणं आहेत आणि कथानक १९२२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क आणि लाँग आयलंडवर घडतं. वंशभेद आणि वर्गभेद एकाच वाक्यात कसे हातात हात घालून येतात हे त्यात फार स्वच्छ दिसतं. शिवाय ही कादंबरी सहसा प्रेमकथा म्हणून वाचली जात असल्यामुळे दुसऱ्या वाचनात बरंच काही नव्याने हाती लागतं.

प्रत संपूर्ण असल्याची खात्री करा. संक्षिप्त आवृत्त्यांमधून नेमके तेच परिच्छेद गळतात जे आपल्याला हवे असतात. काही वेळा शब्दही बदललेले असतात. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ची २०११ साली अमेरिकेत निघालेली एक आवृत्ती कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानकारक शब्द सगळीकडून काढून त्या जागी ‘गुलाम’ घालते. मूळ कादंबरीत तो शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. भाषांतर वाचत असाल तर खूण केलेल्या परिच्छेदांपुरतं तरी मूळ पुस्तक शेजारी ठेवा. भाषांतरकार टोकदार जागा गुळगुळीत करतात, कधी सद्हेतूने, कधी नकळत. प्रती वेगवेगळ्या असल्या तर पानांऐवजी प्रकरणांचे आकडे वापरा, नाहीतर प्रत्येक बैठकीतली पंधरा मिनिटं पान शोधण्यात जातील.

संयोजकाने पार्श्वभूमीचं एकच पान तयार करावं. ‘गॅट्सबी’साठी पाच नोंदी पुरतात. १८९६: ‘वेगळे पण समान’ या नावाखाली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वांशिक विलगीकरणाला मान्यता दिली. १९१९: शिकागोसह अनेक शहरांत वांशिक दंगली. १९२०: लोथ्रॉप स्टॉडर्डचं गोऱ्या वंशाच्या ‘ऱ्हासाची’ भीती घालणारं पुस्तक. १९२४: दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा आणि आशियातलं स्थलांतर जवळजवळ बंद करणारा कायदा. १९२५: न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय लेखकांचं ॲलन लॉक यांनी संपादित केलेलं संकलन. हे पान आधीच वाटून टाका आणि बैठकीत त्यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. व्याख्यान लांबलं की लोक पुस्तक मिटून इतिहासावर मतं द्यायला लागतात.

अपमानकारक शब्दांचा नियम पहिल्या बैठकीआधी ठरवा, प्रसंग आल्यावर ठरवू नका. छापील शब्द तसाच राहील, मोठ्याने वाचताना तो उच्चारला जाणार नाही आणि त्या जागी वाचणारा क्षणभर थांबेल किंवा ‘एन-शब्द’ म्हणेल. यात मजकुराशी बेईमानी होत नाही, कारण शब्द सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. फक्त तो ज्याला आयुष्यात कधीतरी तोंडावर ऐकावा लागलाय अशा सभासदाला तो पुन्हा खोलीत ऐकावा लागत नाही.

पहिलं वाचन, दुसरं वाचन

पहिल्यांदा कादंबरी कादंबरीसारखी वाचा. पेन्सिल लांब ठेवा. पहिल्याच वाचनात दोष शोधत बसलं की गोष्ट कुठे आपल्याला आपल्या बाजूला ओढून घेते ते कळत नाही, आणि ते कळणं फार महत्त्वाचं आहे. एखाद्या पात्राला आपणही हसलो, ही नोंद दुसऱ्या वाचनात सगळ्यात उपयोगी पडते.

दुसऱ्या वाचनात समासात चारच अक्षरं लिहायची: न, ब, श, प.

‘न’ म्हणजे नाव. जिथे माणूस आहे पण नाव नाही, तिथे ‘न’. ‘गॅट्सबी’चा निवेदक निक कॅरावे याच्या घरी स्वयंपाक करणारी बाई आहे. ती फिनलंडची, म्हणून तिला ‘फिन’ एवढंच म्हटलंय. वंश आणि वर्ग एका शब्दात आटोपले. गॅट्सबीच्या मेजवान्यांना आलेल्यांची मात्र चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला पानभर नावं आहेत. त्यातले बरेच जण परत कथेत फिरकतसुद्धा नाहीत.

‘ब’ म्हणजे बोलणं. कोण किती बोलतं ते मोजा. या कादंबरीत कृष्णवर्णीय माणसाचा आवाज सातव्या प्रकरणातल्या अपघातानंतर येतो. पिवळी गाडी पाहिलेला एक नीटनेटक्या कपड्यांतला साक्षीदार दोन-चार छोटी वाक्यं बोलतो आणि कथेतून जातो. त्याला नाव नाही. मोजणीबरोबर बोलणं कसं लिहिलंय तेही बघा. मायर वुल्फशाइम हा ज्यू जुगारी बोलतो तेव्हा त्याचे उच्चार मोडून लिहिले आहेत, ‘ऑक्सफर्ड’चं ‘ऑगस्फर्ड’ होतं. उच्चार प्रत्येकाचेच वेगळे असतात, पण लेखक ते मोजक्याच लोकांचे मोडून लिहितो. ते मोजके कोण, हे शोधा.

‘श’ म्हणजे शरीर. वुल्फशाइमचं नाक आणि नाकपुड्यांतले केस आधी दिसतात, माणूस नंतर. शार्लट ब्राँटीच्या १८४७ मधल्या ‘जेन एअर’मध्ये जमैकाहून आणलेली, नायक रॉचेस्टरची पहिली बायको बर्था वाचकासमोर येते ती हातापायांवर रांगणारी. ती माणूस आहे की जनावर हे पहिल्या नजरेत कळत नाही, असं निवेदिका सांगते आणि तिच्यासाठी इंग्रजीतलं निर्जीवांचं सर्वनाम वापरते. बर्था काय म्हणाली तेसुद्धा आपल्याला तिच्या भावाच्या तोंडून कळतं. म्हणजे ‘श’ आणि ‘ब’ एकाच जागी. जिथे दोन अक्षरं एकत्र पडतात त्या जागा चर्चेसाठी आधी घ्या.

‘प’ म्हणजे पैसा. हे अक्षर गट सगळ्यात जास्त विसरतात. ‘जेन एअर’मध्ये रॉचेस्टरला पहिल्या लग्नात तीस हजार पौंड मिळतात आणि ते जमैकातल्या मळेवाल्या कुटुंबातून येतात. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ चा. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली. ती मालकांना मिळाली, गुलामांना काही मिळालं नाही. हे शेजारी ठेवून तीस हजारांचा उल्लेख पुन्हा वाचा. ‘गॅट्सबी’मध्ये गॅट्सबीचा पैसा कुठून आला याची चौकशी कादंबरीभर चालते, गॅट्सबीचं जिच्यावर प्रेम आहे त्या डेझीचा नवरा टॉम ब्यूकॅनन, त्याच्या वडिलोपार्जित संपत्तीची कोणी करत नाही. जुना पैसा सभ्य आणि नवा पैसा संशयित, हा फरक पात्रांनी इतका गृहीत धरलाय की वाचकही तो गृहीत धरतो.

एका प्रकरणात आठ-दहा खुणा पुरेत. पन्नास खुणा झाल्या असतील तर चर्चेत त्यातली एकही नीट हाताळली जाणार नाही. प्रत्येकाने आपल्या खुणांमधल्या तीन निवडून आणाव्यात.

पात्र, निवेदक, पुस्तक

इथे बहुतेक चर्चा फसतात. एखादं वंशद्वेष्टं वाक्य सापडतं आणि कोणीतरी म्हणतं, लेखक वंशद्वेष्टा आहे. दुसरा म्हणतो, ते तर पात्राचं वाक्य आहे. दोघंही आपापल्या जागी अडून बसतात. म्हणून प्रत्येक खुणेपुढे आणखी एक नोंद करायची: हे कोण म्हणतंय, आणि पुस्तक त्याच्या बाजूने उभं आहे की विरोधात?

‘गॅट्सबी’तल्या तीन जागा एकामागून एक मोठ्याने वाचा.

पहिली, पहिल्या प्रकरणातलं जेवण. टॉम एका पुस्तकाचा दाखला देत गोरा वंश बुडणार म्हणून गळा काढतो. पुस्तकाचं नाव काल्पनिक आहे, पण रोख स्टॉडर्डकडे आहे हे उघड दिसतं. डेझी डोळे मिचकावून त्याची टर उडवते आणि निकला त्याची ती तळमळ केविलवाणी वाटते. म्हणजे पात्र पूर्वग्रह बोलतंय आणि निवेदक त्याच्यापासून लांब उभा आहे.

दुसरी, चौथ्या प्रकरणातला क्वीन्सबरो पूल. गोऱ्या शोफरने चालवलेल्या आलिशान गाडीतून तीन फॅशनेबल कृष्णवर्णीय लोक शेजारून जातात. त्यांचे डोळे गरगरा फिरल्याचं वर्णन करून निक मोठ्याने हसतो आणि हा पूल ओलांडला की आता काहीही घडू शकतं, असा विचार करतो. या वेळी त्याला अडवणारं कोणी नाही, त्याच्याकडे बघून डोळे मिचकावणारंही कोणी नाही. टॉमच्या सिद्धांताला केविलवाणं ठरवणारा हाच माणूस. वंशाचा सिद्धांत त्याला हास्यास्पद वाटतो, पण गाडीत मागे बसलेला कृष्णवर्णीय आणि पुढे बसलेला गोरा ही अदलाबदल त्याहून हास्यास्पद वाटते. खालच्याने वरच्याची जागा घेतली, एवढाच त्यातला विनोद आहे, आणि तो वाचकानेही हसून पुढे जावं अशा बेताने लिहिलाय. गटातल्या किती जणांनी पहिल्या वाचनात हे वाक्य नुसतं ओलांडलं, ते इथे विचारा.

तिसरी, सातव्या प्रकरणातलं प्लाझा हॉटेल. कुठल्याशा ऐऱ्यागैऱ्याने आपल्या बायकोवर प्रेम करावं का, म्हणून टॉम गॅट्सबीवर तुटून पडतो, आणि लगेच पुढच्याच श्वासात उद्या गोरे आणि काळे लग्नंही करतील म्हणतो. डेझीची मैत्रीण जॉर्डन हळूच म्हणते की इथे तर आपण सगळे गोरेच आहोत. टॉमला भांडायचंय वर्गावरून, पण हाताशी असलेलं हत्यार वंशाचं आहे. गॅट्सबी गोरा असूनही ‘आपल्यातला’ नाही, हे सांगायला त्याला वंशाची भाषा लागते. जॉर्डनच्या एका वाक्याने ती फट उघडी पडते. पुस्तक इथे टॉमवर उजेड टाकतं, आणि पुलावर निकला मोकळं सोडतं. दोन्ही एकाच पुस्तकात खरं आहे, आणि गटाने ते दोन्ही एकदम धरून ठेवायला शिकायला हवं.

वर्गाचा पूर्वग्रह फक्त वरून खाली येतो असं समजू नका. दुसऱ्या प्रकरणात राखेच्या ढिगांशेजारच्या गॅरेजवाल्याची बायको आणि टॉमची प्रेयसी मर्टल न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्ये कपडे बदलते आणि बर्फ आणणाऱ्या पोऱ्यावरून ‘ही असली माणसं’ म्हणून नाक मुरडते. फ्लॅटमधल्या त्याच पार्टीत शेजारीण मिसेस मकी सांगते की ती एका ज्यू माणसाशी लग्न करता करता वाचली, तो तिच्याहून खालचा होता. त्यावर मर्टल म्हणते, तुम्ही वाचलात, मी मात्र माझ्याहून खालच्याशी लग्न करून बसले. तिचा नवरा लग्नात उसना सूट घालून उभा होता, हे तिला अजून विसरता आलेलं नाही. ज्यू आणि गरीब, दोघांना मोजायला एकच माप. हे अर्धं पान दुसऱ्या बैठकीचा एक तास सहज घेतं, आणि तो द्यावा.

‘तो काळच तसा होता’

हे वाक्य प्रत्येक गटात येतं. ते झिडकारू नका, तपासा. प्रश्न एकच विचारायचा: त्याच काळात कोणी वेगळं म्हणत होतं का?

जवळजवळ नेहमीच म्हणत असतं. डिकन्सने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये चोरांच्या टोळीचा म्होरक्या फॅगिनला पहिल्या अडतीस प्रकरणांत अडीचशेहून अधिक वेळा नुसतं ‘ज्यू’ म्हटलंय. १८६३ साली एलायझा डेव्हिस या ज्यू महिलेने डिकन्सला पत्र लिहून तक्रार केली. डिकन्सने आधी स्वतःची बाजू लावून धरली, पण नंतर ‘आवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये राया हा सज्जन ज्यू माणूस आणला आणि १८६७ च्या आवृत्तीत फॅगिनसाठीचे ‘ज्यू’ हे उल्लेख बऱ्याच ठिकाणी काढले. काळ तसा होता, आणि त्याच काळातल्या वाचकाला ते खुपतही होतं. फ्रेडरिक डग्लस यांचं गुलामगिरीतून सुटल्यानंतरचं आत्मकथन १८४५ चं, म्हणजे ‘जेन एअर’च्या दोन वर्षं आधीचं.

उलट बाजूचा दाखलाही गटापुढे ठेवा. ‘हकलबेरी फिन’वर १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने बंदी घातली. कारण वंशभेद नव्हतं. पुस्तक आडदांड आणि असभ्य आहे, झोपडपट्टीतल्यांना शोभेल असं आहे, ही तक्रार होती. पुस्तकावर बंदी घालतानाही वर्गाचा पूर्वग्रह काम करत होता.

तिसऱ्या बैठकीत मूळ कादंबरीला उत्तर देणारं पुस्तक घ्या. ‘जेन एअर’समोर डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीस यांची १९६६ ची ‘वाइड सरगॅसो सी’, ज्यात बर्था स्वतः बोलते. ‘गॅट्सबी’समोर नेला लार्सन यांची १९२९ ची ‘पासिंग’: गोरी म्हणून वावरणारी एक कृष्णवर्णीय स्त्री आणि तिचा वंशद्वेष्टा नवरा. ती छोटी कादंबरी आहे, दोन आठवड्यांत होते. जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ घेतली तर नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांचं तिच्यावरचं १९७५ चं व्याख्यान सोबत घ्या. आफ्रिकेत घडणाऱ्या गोष्टीत आफ्रिकन माणसांना बोलणं जवळजवळ दिलेलंच नाही, हा त्यातला मुद्दा आपल्या ‘ब’ खुणेने पडताळता येतो. उत्तर देणारं पुस्तक आधी कधीही वाचू नका. तसं केलं की मूळ पुस्तक फक्त आरोपी म्हणून समोर येतं.

गटात ज्या समाजाबद्दल चर्चा चाललीय त्यातला एखादाच सभासद असेल तर त्याला ‘तुला काय वाटतं?’ म्हणून पुढे करू नका. त्याला वाटेल तेव्हा तो बोलेल. संयोजकाने फेरी गोल घ्यावी आणि ‘माझी खूण नाही’ म्हणायची मुभा सगळ्यांना द्यावी.

आजच्या कागदावर तीच चार अक्षरं

चौथ्या बैठकीला प्रत्येकाने आजचे तीन मजकूर आणावेत, प्रत्येकी तीन-चारशे शब्दांचे: गुन्ह्याची एक बातमी, नोकरीची एक जाहिरात आणि एखाद्या वस्तीचं किंवा शहरातल्या भागाचं वर्णन. मोठी मतं मांडणारे लेख आणू नका, कारण तिथे पूर्वग्रह उघड असतो किंवा उघडपणे नाकारलेला असतो. साध्या कामाच्या मजकुरात तो न बोलता वावरतो.

बातमीत बघा: आरोपीचा समाज, देश, वस्ती कधी सांगितली जाते आणि कधी नाही? कोणाच्या कुटुंबाला बोलू दिलंय? कोणाचा पोलिसांनी काढलेला फोटो आणि कोणाचा पदवीदानाचा? जाहिरातीत ‘आमच्या संस्कृतीत बसणारा’, ‘चांगल्या घरातला’, ‘स्वच्छ उच्चार’ अशा शब्दांखाली रेघ मारा आणि कामाला ते लागतं का, हे विचारा. टेलिफोनवर बोलायच्या कामाला समजेल असं बोलणं लागतं, विशिष्ट घरातलं बोलणं लागत नाही. वस्तीच्या वर्णनात ‘सुरक्षित’ आणि ‘बरे लोक’ हे शब्द कोणाला वगळून लिहिलेत ते बघा.

मजकुरातून निर्णय कसे होतात यावर दोन प्रयोग गटाला सांगण्यासारखे आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोत सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. अर्जांची प्रत सारखी, नावं तेवढी वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना बोलावणी जवळजवळ दीडपट आली. २०१६ मध्ये लॉरेन रिव्हेरा आणि ॲंड्रास टिलचिक यांनी बड्या अमेरिकन लॉ फर्मना कायद्याच्या विद्यार्थ्यांचे अर्ज पाठवले. त्यात छंदांसारख्या बारीक खुणा बदलल्या होत्या: एकीकडे शिडाची होडी, पोलो, अभिजात संगीत, दुसरीकडे धावणं, मैदानी फुटबॉल, कंट्री संगीत. उच्च वर्गाच्या खुणा असलेल्या पुरुषांना कितीतरी जास्त बोलावणी आली, त्याच खुणा असलेल्या स्त्रियांना तो फायदा मिळाला नाही. गॅट्सबी आपल्या मेजवानीत टॉमची ओळख ‘पोलो खेळणारा’ अशी करून देतो ते इथे आठवून द्या. कादंबरीतल्या त्या दोन शब्दांचं वजन आजच्या अर्जातही तेवढंच आहे.

शेवटचा अर्धा तास सभासदांच्या स्वतःच्या कामाला द्या. ज्यांच्या हातात निवड असते, म्हणजे उमेदवार, भाडेकरू, विद्यार्थी, स्पर्धेतले लेख, त्यांनी अर्ज उघडण्याआधी निकष लिहून काढावेत, जास्तीत जास्त पाच, आणि प्रत्येकाला गुण ठरवावेत. अर्ज वाचल्यानंतर लिहिलेले निकष आवडलेल्या माणसाच्या मापाने शिवले जातात. नाव आणि फोटो झाकावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. नाव झाकलं तरी शाळा, पत्ता आणि छंद वर्ग सांगतच राहतात, म्हणून कामाशी संबंध नसलेले रकाने फॉर्ममधूनच काढून टाकावेत. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि गुण मुलाखत संपताक्षणी, इतरांशी बोलण्याआधी लिहावेत. ‘छान वाटला’ किंवा ‘जमेल असं वाटत नाही’ असा शेरा आला तर शेरा देणाऱ्याने तो पाचपैकी कोणत्या निकषाखाली येतो ते सांगावं. एकाही निकषाखाली येत नसेल तर तो शेरा खोडावा.